विल्फर्डची कबुली आणि संशोधनपत्रिकांचा धर्म

नील नदीचा उगम प्राचीन हिंदूंस ठाऊक होता, हे विधान मी प्रथम वाचले तेव्हा मी नुकताच पदवीधर झालो होतो; आणि तेच विधान मी स्वतः छापून प्रसिद्ध केले तेव्हा मला अध्यापनाच्या व्यवसायात पडून जेमतेम तीन वर्षे झाली होती. आधार भक्कम होता. निदान तसा तो दिसत होता. व्हिक्टोरिया सरोवरातून नील नदी निघते हे ज्या इंग्रज प्रवाशाने युरोपास सांगितले, त्या जॉन हॅनिंग स्पीकनेच १८६३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात पुराणकारांच्या या ज्ञानाची मोकळ्या मनाने वाखाणणी केलेली आहे. परक्या माणसाने, आणि तेही त्या भूमीवर प्रत्यक्ष पाय ठेवून आलेल्या माणसाने, दिलेली ही साक्ष. तिची आणखी फेरतपासणी करावयाची ती कशाला? एका लहानशा संशोधनपत्रिकेने माझा लेख आनंदाने छापला, चार परिचितांनी पाठ थोपटली, आणि मी दुसऱ्या विषयाकडे वळलो.

त्यानंतर दोन वर्षांनी एका जुन्या ग्रंथालयात ‘एशियाटिक रिसर्चेस’चा आठवा खंड चाळीत असता मला असे कळून आले की, ज्या निबंधावर स्पीक विसंबला होता आणि स्पीकवर मी विसंबलो होतो, त्या निबंधाच्या कर्त्यानेच आपला आधार खोटा असल्याची कबुली १८०५ साली, म्हणजे स्पीकच्या ग्रंथापूर्वी ५८ वर्षे, छापून दिलेली आहे. त्या दिवशी मी काय केले आणि काय केले नाही, ते पुढे सांगेन. आधी ती मूळ हकीकत सांगणे प्राप्त आहे. विद्वानांच्या नियतकालिकांचा धर्म कोणता, लेखकाने, संपादकाने व परीक्षकाने कोणती पथ्ये पाळावीत, या प्रश्नाची चर्चा आज जिकडेतिकडे चाललेली आहे; आणि त्या चर्चेतील बहुतेक सर्व मुद्दे या एका हकीकतीत, आपल्याच देशात, सव्वादोनशे वर्षांमागे येऊन गेलेले आहेत.

विद्वानांचे नियतकालिक ही वस्तू मूळची सतराव्या शतकातील. १६६५ च्या जानेवारीत पॅरिस येथे ‘झुर्नाल दे सावां’ निघाले, आणि दोनच महिन्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचा चिटणीस हेन्री ओल्डेनबर्ग याने ‘फिलॉसॉफिकल ट्रॅन्झॅक्शन्स’ काढण्यास आरंभ केला. पूर्वी जे शोध विद्वानांच्या खाजगी पत्रांतून फिरत असत, ते आता मिती घालून छापले जाऊ लागले. शोध कोणाचा व तो कधीचा, हे ठरविण्यास साधन झाले. कोणता लेख घ्यावा व कोणता टाकावा हे मात्र बराच काळ एकटा चिटणीस ठरवी. १७५२ साली सोसायटीने हे काम आपल्या हाती घेऊन निवडीसाठी एक समिती नेमली. तथापि त्याबरोबरच तिने असा खुलासा छापण्याची वहिवाट पाडली की, लेखातील मजकुराच्या खरेपणाची हमी संस्था घेत नाही. विषय महत्त्वाचा किंवा अपूर्व वाटला म्हणून तो छापला, इतकेच. आपल्याकडील पोथी उतरणारा लेखकही ग्रंथाच्या शेवटी असेच काही लिहून हात जोडीत असे: समोर जसे दिसले तसे उतरले, शुद्धाशुद्धाचा दोष मजकडे नाही. लंडनची संस्था आणि आमचा दरिद्री लेखक या दोघांची भूमिका एकच होती. दोघांनाही मजकूर पोचविण्याचे पुण्य हवे होते. तो खरा ठरविण्याचा भार नको होता.

याच घडणीवर सर विल्यम जोन्स याने १७८४ च्या जानेवारीत कलकत्त्यास एशियाटिक सोसायटी स्थापिली, आणि १७८८ पासून ‘एशियाटिक रिसर्चेस’ या नावाने तिचे निबंध खंडशः प्रसिद्ध होऊ लागले. हिंदुस्थानच्या विद्येविषयी युरोपास त्या काळी जी भूक लागली होती, ती भागविणारे याच्या तोलाचे दुसरे साधन नव्हते. म्हणून कलकत्त्याचे खंड लंडनला पुन्हा छापले जात व तेथून सर्व युरोपभर जात. या पुनर्मुद्रणांची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

या खंडांच्या लेखकांत फ्रान्सिस विल्फर्ड नावाचा एक लष्करी अधिकारी होता. जन्माने हा हानोव्हरकडचा. हिंदुस्थानात आला तो कंपनीच्या नोकरीत, आणि काशीस जाऊन राहिला तो कायमचा. १८२२ साली तो वारला तोही काशीसच. संस्कृत विद्येची त्याला खरी गोडी होती, यात शंका नाही. परंतु तिच्याबरोबरच एक कल्पना त्याच्या डोक्यात आधीपासून ठाण मांडून बसली होती. ग्रीकांच्या कथा, इजिप्तचा इतिहास आणि बायबलातील पुरातन वृत्तांत या सर्वांचे मूळ किंवा निदान प्रतिबिंब पुराणांत सापडलेच पाहिजे, अशी ती कल्पना. पुराणे अफाट, त्यांच्या पोथ्या विखुरलेल्या. तेव्हा त्याने एक पंडित पगारी ठेवला, त्याच्या हाताखाली मदतनीस व नक्कलनवीस नेमण्यास पैसा दिला, आणि पश्चिमेकडील दैवतकथा व भूगोल त्याला समजावून सांगून, यांच्याशी जुळेल ते पुराणांतून काढून आणावे, असे काम त्याजवर सोपविले.

आणि उतारे येऊ लागले. १७९२ साली ‘रिसर्चेस’च्या तिसऱ्या खंडात विल्फर्डचा इजिप्त व नील नदी यांवरील प्रदीर्घ निबंध प्रसिद्ध झाला. त्यात पुराणांतील काली किंवा नीला नदी म्हणजे नील, मिश्रस्थान म्हणजे इजिप्त, सोमगिरी म्हणजे टॉलेमीचे चंद्रपर्वत, आणि त्यांजवळचे अमर नावाचे सरोवर म्हणजे नदीचा उगम, अशी सारी जुळणी केलेली होती. जोडीला नकाशाही होता. विद्वानांस हर्ष होण्यासारखाच हा प्रकार होता.

येथे एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. हा निबंध परीक्षेवाचून छापला गेला, असे मुळीच नव्हे. निबंधाच्या पाठोपाठ खुद्द अध्यक्ष जोन्स याची टिपणी छापलेली आहे. आपल्याला आरंभी शंका होती. परंतु आधारादाखल दिलेले मूळ संस्कृत उतारे आपण एकट्याने व एका पंडिताच्या साहाय्याने वारंवार वाचून पाहिले, आणि लेखकाच्या प्रामाणिकपणाविषयी व सामान्यतः त्याच्या अचूकपणाविषयी आपली खात्री झाली, असे तो त्यात सांगतो. इतकेच नव्हे, तर पद्मपुराणातील म्हणून एक उतारा त्याने स्वतः भाषांतर करून दिला. सत्यवर्मा नावाचा राजा; त्याचे तीन पुत्र शर्म, चर्म व ज्यापति; राजा मद्याने धुंद होऊन विवस्त्र पडला असता चर्म हसला व शापित झाला; इतर दोघांनी पित्यास झाकले व त्यांस उत्तरेचे व दक्षिणेचे राज्य मिळाले. बायबलातील नोहा व त्याचे शेम, हाम आणि जाफेथ हे पुत्र ज्यास ठाऊक आहेत, त्याला यावर आणखी भाष्य करावयास नको. आज कोणासही ही कथा वाचून हसू येईल. पण जोन्ससारख्या पुरुषास ते आले नाही. आपण ज्याची वाट पाहत असतो ते दारी आले म्हणजे त्याचे नाव-गाव विचारण्याचे आपल्याला सुचत नाही, हेच खरे.

आणि दोष नेमका कोठे राहिला, हेही पाहण्यासारखे आहे. जोन्सने भाषांतर मुळाशी ताडून पाहिले. ते बरोबर होते. परंतु ते ‘मूळ’ पोथीत कोठून आले, ही पोथी कोणाची, तिचे वय काय, दुसऱ्या गावच्या दुसऱ्या पोथीत तोच मजकूर आहे काय, हे प्रश्न त्याने विचारले नाहीत. परीक्षकाने लेख तपासला. लेखाचा पुरावा तपासला नाही. आजच्या प्रयोगशाळांतील निबंधांची परीक्षा करणारे विद्वान बहुधा याच जागी ठेचाळतात: कोष्टकातील आकड्यांवरून काढलेला निष्कर्ष बरोबर आहे की नाही हे ते पाहतात, पण ते आकडे कोठून आले हे पाहण्याचे साधन व सवड त्यांजजवळ सहसा नसते.

पुढे विल्फर्डने एक नवा विषय हाती घेतला: पुराणांतील श्वेतद्वीप म्हणजे ब्रिटनचे बेट, हे सिद्ध करण्याचा. या निबंधासाठी उतारे पुन्हा पोथ्यांशी ताडून पाहण्यास तो बसला असता त्याला पोथीत खाडाखोड दिसली. जेथे त्याला हवे असलेले नाव होते, तेथे ते पूर्वीचे काही पुसून घातलेले होते. संशय एकदा शिरला की तो थांबत नाही. त्याने इतर उतारे तपासण्यास घेतले, आणि एकामागून एक भिंत कोसळू लागली. पंडिताने मदतनिसांसाठी दिलेला पैसा स्वतःच ठेवला होता, आणि पुराणे धुंडाळण्याचे कष्ट वाचविण्याकरिता, थोडे आठवणीतून व थोडे धन्याच्या बोलण्यातून घेऊन, उतारे घरीच रचले होते. काही ठिकाणी एखादा शब्द बदललेला, काही ठिकाणी कथेचा गाभाच पालटलेला, आणि काही ठिकाणी सारीच कथा नव्याने निर्मिलेली. चोरी उघडकीस येण्याचे भय वाटू लागताच त्याने पोथ्यांची पाने काढून नवी घातली. स्कंद व ब्रह्मांड या पुराणांत मिळून त्याने सुमारे १२,००० श्लोक रचून घुसडले होते. संपूर्ण वाल्मीकि-रामायण २४,००० श्लोकांचे मानतात. त्याच्या निम्म्याइतके हे काव्य एका माणसाने केवळ पकडले जाऊ नये म्हणून रचिले! हे कौशल्य सत्कारणी लागते तर काय झाले असते, असे मनात आल्यावाचून राहत नाही.

पंडिताने प्रथम साफ नाकारले, शपथा वाहिल्या, उतारे खरे असल्याचे शपथेवर सांगण्यास दहा ब्राह्मण आणून उभे केले. विल्फर्डने त्यांची कानउघाडणी केली आणि त्यांस शपथ घेऊ दिली नाही. या धक्क्याने त्याची आधीच खालावलेली प्रकृती जिवावर बेतण्याइतकी बिघडली, असे तो सांगतो. आणि मग त्याने ती गोष्ट केली, जिच्यामुळे त्याचे नाव मला आज आदराने घ्यावेसे वाटते. श्वेतद्वीपावरील निबंधाच्या आरंभीच, १८०५ सालच्या आठव्या खंडात, त्याने हा सर्व प्रकार स्वतःच्या नावाने जगापुढे मांडला. बनावटीचे तीन वर्ग त्याने पाडून दाखविले. झाकून टाकणे त्याला सहज शक्य होते. जोन्स १७९४ सालीच वारला होता. पोथ्या विल्फर्डच्याच घरी होत्या. तो मुकाट राहिला असता तर विचारणारे कोणी नव्हते.

ही झाली त्या कबुलीची उजळ बाजू. परंतु केवळ तेवढ्यावर थांबणे इतिहासाच्या अभ्यासकास शोभणार नाही. या कबुलीत तीन उणिवा राहून गेल्या, आणि पुढील शंभर वर्षांतील अनर्थ त्या उणिवांतूनच निपजला.

पहिली उणीव दोषाच्या वाटणीची. विल्फर्डच्या कथनात अपराधी एकच आहे, आणि तो म्हणजे पंडित. पंडिताचे म्हणणे काय होते ते त्याच्या तोंडून ऐकण्याचे साधन आपल्यापाशी नाही. आहे ती एकट्या फिर्यादीची जबानी. पंडिताने लबाडी केली यात संशय नाही, व तिचे समर्थनही मला करावयाचे नाही. पण त्याला काय पाहिजे ते आधी सांगून ठेवणारा कोण? पुराणांत काय आहे ते पाहून ये, असे त्याला सांगितले नव्हते. अमुक आहे ते शोधून आण, असे सांगितले होते. आणले तर पगार चालू; न आणले तर पंडिताची विद्वत्ता उणी. जो उताऱ्यांस मोल देतो त्याला उतारे मिळतात; सत्य मिळेलच असे नाही.

दुसरी उणीव अशी की, विल्फर्डने पुरावा टाकला, पण कल्पना टाकली नाही. ज्या निबंधाच्या आरंभी ही कबुली आहे, तो निबंध त्याने तसाच पुढे चालविला आणि नंतरच्या खंडांतूनही श्वेतद्वीपाचा पाठपुरावा करीत तो राहिला. ज्या मोहामुळे तो फसला त्या मोहाचे नाव त्याने कबुलीत घेतलेच नाही.

तिसरी उणीव वरवर पाहता क्षुल्लक, पण परिणामाने सर्वांत मोठी. चूक तिसऱ्या खंडात होती. दुरुस्ती आठव्या खंडात झाली, तीही दुसऱ्याच विषयावरील निबंधाच्या प्रास्ताविकात. मध्यंतरी तेरा वर्षे गेली होती. तिसऱ्या खंडाच्या प्रती, आणि लंडनचे ते पुनर्मुद्रित खंड, युरोपातील कपाटांत स्वस्थ उभे होते. त्यांतील एकाही पानावर ‘हे खोटे ठरले आहे’ अशी रेघ कोणी ओढली नव्हती, ओढणे शक्यही नव्हते. ज्याच्या हाती तिसरा खंड पडेल त्याने आठवा वाचावा, असे त्याला कोण सांगणार?

आणि झालेही तसेच. मुंबईच्या लष्करातील रिग्बी नावाचा अधिकारी १८६० च्या सुमारास झांझिबार येथे इंग्रजांचा वकील होता. नील नदीचा उगम शोधण्यास निघालेल्या स्पीकच्या हाती त्याने विल्फर्डचा तो जुना निबंध व नकाशा मोठ्या अगत्याने ठेवला. स्पीकने तो खरा मानला, सरोवराजवळ अमर या नावाचा एक मुलूख आहे हे ऐकून त्याची खात्री अधिकच पटली, आणि परत गेल्यावर त्याने हिंदूंच्या ज्ञानाची स्तुती ग्रंथात घातली. ती स्तुती आमच्याकडील अभिमानी लेखकांनी उचलली. त्यांच्यावरून आणखी कोणी उचलली. आणि आजही ती अधूनमधून नव्या पुस्तकांतून डोके वर काढते. टॉलेमीचे चंद्रपर्वत विल्फर्डच्या तोंडून पंडिताच्या कानी, पंडिताच्या लेखणीतून पोथीत, पोथीतून कलकत्त्याच्या खंडात, तेथून झांझिबारला, आणि अखेर आमच्या पूर्वजांच्या गौरवाच्या रूपाने आमच्या घरी, असा हा प्रवास झाला असे मानण्यास पुरेशी जागा आहे. वास्तविक मॅक्स म्युलरने १८७० साली ही फसवणुकीची हकीकत पुन्हा एकदा विस्ताराने सांगितली होती. पण खोटे एकदा छापले गेले की त्याला पाय फुटतात. खरे मात्र जेथे छापले असेल तेथेच बसून राहते.

आमच्या जुन्या लेखकांची एक रीत येथे आठवते. पोथी लिहिताना अक्षर चुकले तर त्यावर ते हरताळाचा पिवळा लेप देत व त्याच जागी शुद्ध अक्षर लिहीत. ‘हरताळ फासणे’ हा वाक्प्रचार आपण आज नाश करणे या अर्थी वापरतो. पण मूळ क्रिया नाशाची नव्हे, दुरुस्तीची आहे, आणि तिचे दोन गुण वाखाणण्यासारखे आहेत. एक, दुरुस्ती चुकीच्या जागीच होते, दुसऱ्या पोथीत नव्हे. दोन, ती लपत नाही. येथे काही चुकले होते हे त्या पिवळ्या डागावरून वाचकास शंभर वर्षांनीही कळते. त्या पंडिताने पोथीत केली ती खाडाखोड चोरटी होती. विल्फर्डची दुरुस्ती उघड होती पण दूरची होती. उघड आणि जागच्या जागी अशी दुरुस्ती तेथे कोणालाच साधली नाही.

आज संशोधनपत्रिकांच्या नीतीचे जे नियम जगभर मान्य होऊ लागले आहेत, त्यांचा गाभा मला तरी या पिवळ्या डागातच दिसतो. १९९७ साली इंग्लंडातील वैद्यकविषयक पत्रिकांच्या काही संपादकांनी एकत्र येऊन ‘कमिटी ऑन पब्लिकेशन एथिक्स’ ही संस्था काढली. पुढे तिचा व्याप सर्व विद्याशाखांत व सर्व देशांत पसरला. २००९ साली तिने लेख मागे घेण्याविषयी मार्गदर्शक नियम प्रसिद्ध केले. लेख कोण मागे घेत आहे व का, हे स्पष्ट सांगावे. प्रामाणिक चूक आणि लबाडी यांत भेद करावा. ही सूचना मूळ लेखाशी जोडलेली असावी व सर्वांस विनामूल्य वाचता यावी. आणि मूळ लेख नाहीसा न करता त्यावर तो मागे घेतल्याची खूण ठेवावी, असा त्यांचा आशय आहे. विल्फर्डला हे नियम उपलब्ध असते तर स्पीक फसला नसता, आणि मीही फसलो नसतो.

परंतु नियम झाले म्हणून विलंब सरला, असे नाही. लहान मुलांस टोचावयाच्या एका लसीचा मेंदूच्या विकाराशी संबंध सुचविणारा अँड्र्यू वेकफील्ड व त्याच्या सहकाऱ्यांचा लेख ‘लॅन्सेट’ या प्रख्यात पत्रिकेत १९९८ साली आला, आणि तो पूर्णपणे मागे घेतला गेला तो २०१० साली. बारा वर्षे! कलकत्त्याच्या तेरा वर्षांहून एकच वर्ष कमी. विल्फर्डच्या चुकीने काही अभिमानी लेखकांचा गैरसमज झाला. या चुकीने आईबापांच्या मनात भय शिरले व मुले लसीवाचून राहिली. चूक मागे घेण्यास लागणारा वेळ हा केवळ विद्वानांच्या शिष्टाचाराचा प्रश्न नव्हे.

आमच्या विद्यापीठांतील स्थितीकडे वळले म्हणजे पहिल्या उणिवेची, म्हणजे उताऱ्यांस मोल देण्याची, आठवण तीव्रतेने होते. २०१० नंतर अध्यापकांच्या बढतीसाठी प्रसिद्ध लेखांचे गुण मोजण्याची पद्धत रूढ झाली. संख्या मागितली, संख्या मिळाली. पैसे घेऊन आठ दिवसांत काहीही छापणाऱ्या पत्रिका पावसाळ्यातील छत्र्यांप्रमाणे उगवल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य पत्रिकांची यादी केली, आणि मे २०१८ मध्ये त्याच यादीतून ४,३०५ पत्रिका एकदम काढून टाकण्याची पाळी त्याजवर आली. पुढे अधिक काटेकोर यादी करण्याचे काम पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातील केंद्राकडे सोपविले गेले. २०१९ साली पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांस संशोधन व प्रकाशन यांच्या नीतीचा अभ्यासक्रम सक्तीचा झाला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ती यादीही बंद करून निवडीची जबाबदारी संस्थांवर व अध्यापकांवर टाकण्यात आली. यादी असावी की नसावी, यावर मतभेद आहेत व राहतील. माझे म्हणणे इतकेच की, यादी ही दाराशी बसलेल्या रखवालदारासारखी आहे. घरात चूक घडल्यावर घरधनी काय करतो, हे तिच्यावरून कळत नाही. एखाद्या पत्रिकेची अब्रू पाहावयाची असेल तर तिने काय छापले यापेक्षा तिने काय परत घेतले, आणि कसे, हे पाहावे.

आणि याचा उत्तम कित्ता शोधण्यास आपल्याला दूर जावयास नको. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम १९१९ साली आरंभिले; १९२५ पासून विष्णु सीताराम सुकथनकर यांनी त्याची धुरा वाहिली; १९३३ साली आदिपर्व पुरे झाले आणि १९६६ साली शेवटचे पर्व बाहेर पडले. या आवृत्तीच्या कोणत्याही पानाचा तळ पाहावा. संपादकाने जो पाठ स्वीकारला तो वर, आणि जे नाकारले ते सर्व, कोणत्या पोथीत काय आहे या निर्देशासह, खाली. प्रक्षिप्त म्हणून वगळलेले श्लोकही फेकून दिलेले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत ते जपून ठेवलेले आहेत. संपादक जणू म्हणतो: माझा निर्णय हा असा, तो चुकीचा वाटल्यास तो खोडण्याचे साहित्यही मीच तुमच्या हाती देत आहे. विल्फर्डच्या पंडिताला अशा पद्धतीपुढे एक दिवसही टिकता आले नसते. कारण काशीच्या एका पोथीत १२,००० श्लोक घालता येतील, पण काश्मीरपासून मलबारपर्यंतच्या पोथ्यांत ते घालणे कोणाच्याही आवाक्यातील गोष्ट नव्हे. सत्याचे संरक्षण संशोधकाच्या सद्गुणांवर सोपवू नये. ते पद्धतीवर सोपवावे, म्हणजे सद्गुणी माणसासही चुकीपासून वाचविता येते.

आता माझे स्वतःचे. आठव्या खंडातील ती पाने वाचल्यावर मी त्या पत्रिकेच्या संपादकांस पत्र लिहिले व चार ओळींची दुरुस्ती छापण्याची विनंती केली. त्यांचे उत्तर सौजन्याचे होते. लेख जुना झाला, वाचक विसरले. आता उगाच उकरून काढण्यात काय हशील, असा त्याचा भाव होता. ते उत्तर वाचून मला राग यावयास हवा होता. खरे सांगावयाचे तर मला हायसे वाटले. मी माझे कर्तव्य केले, पुढचे संपादक जाणोत, अशी मनाची समजूत घालून मी ते पत्र एका पुस्तकात ठेवून दिले. विल्फर्डने काशीत एकटा असताना, आजारी असताना, जे केले, ते मला सुरक्षित नोकरीत व धडधाकट प्रकृतीत साधले नाही.

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आपल्या प्रबंधाचे पहिले प्रकरण घेऊन माझ्याकडे आली. प्रकरण मेहनतीने लिहिले होते. तिसऱ्या पानावर नील नदीच्या उगमाविषयीचे ते विधान होते, आणि आधार म्हणून खाली माझे नाव होते. “सर, हा तुमचाच लेख आहे ना?” असे तिने मोठ्या कौतुकाने विचारले. मी तिला आठवा खंड काढून दिला आणि वाचावयास सांगितले. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिने मला काही म्हटले नाही, फक्त एवढेच विचारले की, “मग हे तुम्ही कोठे छापले नाही का?”

तिच्या प्रश्नास त्या दिवशी मजपाशी उत्तर नव्हते. ज्या पत्रिकेत मूळ लेख आला होता ती आता बंद पडली आहे. तिच्या पानावर हरताळ लावणे आता कोणासही शक्य नाही. म्हणून दूरच्या जागी का होईना, येथे माझ्या नावाने लिहितो की, पुराणांत नील नदीच्या उगमाचे वर्णन आहे हे मी पूर्वी छापलेले विधान बनावट उताऱ्यांवर आधारलेले होते, व ते मी मागे घेत आहे. तिसरी उणीव माझ्याही कबुलीत राहिली, हे मी जाणतो. वाचकांपैकी कोणापाशी तो जुना अंक असेल तर त्यांनी समासात एवढे टिपून ठेवावे, ही विनंती.